नील यंग यांचा ‘हार्वेस्ट’: त्यातलं कंट्री नेमकं कुठे आहे?

२०२५ च्या फेब्रुवारीत बियॉन्सेच्या ‘काउबॉय कार्टर’ला ग्रॅमीचा ‘अल्बम ऑफ द इयर’ मिळाला, त्याच रात्री सर्वोत्तम कंट्री अल्बमचा मानही मिळाला, आणि आधीपासून धुमसत असलेला वाद पुन्हा पेटला. हे कंट्री आहे का? आणि ते ठरवायचं कोणी? आपल्याकडच्या श्रोत्याला तर या वादाचा ठावच लागत नाही. रॉक, पॉप, जॅझ हे निदान कानावरून गेलेलं असतं. कंट्री म्हटलं की डोळ्यांपुढे फक्त घोडा, टोपी आणि बूट येतात.

हे कोडं सोडवायला ५०हून अधिक वर्षांपूर्वीचा एक अल्बम फार उपयोगी पडतो. नील यंग यांचा ‘हार्वेस्ट’, फेब्रुवारी १९७२. १० गाणी, साधारण ३७ मिनिटं. अमेरिकेत त्या वर्षी सगळ्यात जास्त खपलेला अल्बम हाच. गायक कॅनडाचा, तोवरची ओळख मुख्यतः रॉकवाला अशी. यातली काही गाणी कंट्रीची राजधानी मानल्या जाणाऱ्या नॅशव्हिल शहरातल्या मुरलेल्या वादकांबरोबर झाली, दोन लंडनच्या सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर, काही कॅलिफोर्नियातल्या एका कोठारात, आणि एक भर कार्यक्रमात एकट्याने. गळा तोच, लिहिणारा तोच. बदलत जातात ते सोबतचे हात आणि ती खोली. कंट्री कुठून येतं हे तपासायचं तर याहून चांगली सोय मिळणं कठीण.

## आधी शब्द: कंट्री वेगळं, वेस्टर्न वेगळं

कंट्री हे मुळात अमेरिकेच्या आग्नेय भागातलं, अ‍ॅपलाचियन डोंगररांगांतल्या खेड्यापाड्यांचं संगीत. आयर्लंड-स्कॉटलंडहून आलेल्यांची फिडल (वाद्य म्हणून आपलं व्हायोलिनच, वाजवायची ढब निराळी), आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी घडवलेला बँजो आणि चर्चमधली सामुदायिक गाणी यांतून ते तयार झालं. १९२७ साली टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवरच्या ब्रिस्टल गावात रेकॉर्ड कंपनीची माणसं यंत्रं घेऊन आली, आसपासच्या गाणाऱ्यांना बोलावलं, आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांच्या तबकड्या तिथे झाल्या. धंदा म्हणून कंट्रीची सुरुवात साधारण तिथून धरतात.

वेस्टर्न म्हणजे टेक्सास, ओक्लाहोमा अशा पश्चिमेकडच्या भागातलं: गुराख्यांची गाणी आणि नाचायला लावणारं स्विंग. हॉलीवूडच्या गाणाऱ्या काउबॉयनी ते घरोघरी नेलं. टोपी आणि घोडा या बाजूचे. १९४९ मध्ये ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाने आपल्या यादीला ‘कंट्री अँड वेस्टर्न’ असं जोडनाव दिलं आणि दोन्ही प्रवाह एकाच खुंटीला टांगले गेले.

राहिला शब्द ‘सिंगर-साँगरायटर’. आपल्याकडच्या भावगीतात कवी एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा अशी वाटणी असते. शाहिराचं तसं नाही, तो स्वतः रचतो आणि स्वतःच डफ घेऊन उभा राहतो. सिंगर-साँगरायटर हा त्या जातीचा, फक्त डफाच्या जागी गिटार किंवा पियानो, आणि विषय बहुतेक वेळा स्वतःच्या मनातला.

## नॅशव्हिलमध्ये गाणं आकड्यांत मांडतात

फेब्रुवारी १९७१ मध्ये यंग नॅशव्हिलला गेले ते कंट्री गायक जॉनी कॅश यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमासाठी. तिथे निर्माते एलियट मेझर भेटले, त्यांचा स्वतःचा स्टुडिओ होता, आणि ‘इथेच ध्वनिमुद्रण करू’ असं ठरलं. शनिवार-रविवार होता. नेहमीचे बरेच वादक शहरात नव्हते, तरी जे मिळाले ते पक्के निघाले: ड्रमवर केनी बट्री, बेस गिटारवर टिम ड्रमंड, पेडल स्टीलवर बेन कीथ. यंग यांच्या गाण्यांशी त्यांची आधीची ओळख नव्हती. मग ती इतक्या झटपट उभी कशी राहिली?

नॅशव्हिलमध्ये ध्वनिमुद्रणाची एक पाळी साधारण तीन तासांची, आणि तेवढ्यात तीन-चार गाणी उरकायची रीत. पूर्ण नोटेशन लिहायला वेळ कुणाला? म्हणून तिथे ‘नंबर सिस्टिम’ चालते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस नील मॅथ्यूज या गायकाने ती काढली, पुढे वादकांनी उचलली. ज्याला सरगम येते त्याला ती पाच मिनिटांत कळावी.

सा ला १ म्हणा, रे ला २, आणि असंच नी ला ७. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन स्वर. १ ची कॉर्ड सा-ग-प, ४ ची म-ध-सां, ५ ची प-नी-रें, ६ ची ध-सां-गं. शेवटची ऐकायला जरा उदास लागते, तिला मायनर म्हणतात. सगळे स्वर शुद्ध, म्हणजे आपला बिलावल थाट.

या अल्बममधलं ‘हार्ट ऑफ गोल्ड’ घ्या. पट्टी जी, म्हणजे पेटीवरची पांढरी पाच. कडव्याच्या कॉर्ड ई मायनर, सी, डी, जी. नॅशव्हिलचा वादक कागदावर लिहील: ६ मायनर, ४, ५, १. संपलं. आता समजा गायकाचा गळा बसला आणि गाणं एक पट्टी खाली, पांढरी चारवर न्यावं लागलं. कागदाला हात लावायचा नाही, आकडे तेच राहतात. आपला पेटीवाला ‘कुठली पट्टी?’ एवढंच विचारून साथ धरतो, त्यातलंच हे.

याचा परिणाम गाण्याच्या पोतावर होतो. मान कागदात खुपसलेली नसली की कान गायकाकडे राहतात. वादक शब्दांभोवती वाजवायला लागतात, आणि ‘हार्वेस्ट’मध्ये जी ऊब जाणवते ती बरीचशी त्यामुळे आहे.

## पायाने घेतलेली मींड

कंट्रीचा सगळ्यात ओळखू येणारा आवाज पेडल स्टीलचा. लांबून येणारा, रडवेला, घसरत जाणारा. हे वाद्य जवळून पाहण्यासारखं आहे.

चार पायांवर उभं केलेलं, टेबलासारखं आडवं गिटार. सहसा १० तारा. तारा बोटाने दाबायच्या नाहीत. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी दांडी, ती तारांवरून सरकवायची. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या. खाली सहसा तीन पेडल, शिवाय गुडघ्याने ढकलायचे चार-पाच दांडे. उजवा पाय कायम व्हॉल्यूम पेडलवर. वादकाचे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे कामात असतात.

नॅशव्हिलमध्ये रूढ असलेल्या जुळणीला ‘ई नाईन्थ’ म्हणतात. दांडी तिसऱ्या पडद्यावर धरली की मधल्या तारांवर जी पट्टीची १ ची कॉर्ड मिळते: सा-ग-प. आता पहिले दोन पेडल एकदम दाबा. एक पेडल प च्या तारेला ताणून ध वर नेतं, दुसरं ग ला म वर नेतं. सा ची तार जागची हलत नाही. सा-ग-प चं सा-म-ध झालं, म्हणजे १ वरून ४ ची कॉर्ड आली, तीही दांडी तसूभरही न सरकवता. सतारीवर तार खेचून घेतलेली मींड आपल्या कानाला ठाऊक आहे. इथे दोन तारांवर दोन वेगळ्या मिंडा एकदम चढतात आणि तिसरी तार षड्ज धरून बसते. काळजात कळ उठते ती या एका हालचालीने. तबकडीवर हा आवाज पहिल्यांदा गाजला १९५४ मध्ये, वेब पिअर्स यांच्या ‘स्लोली’ या गाण्यात.

नवशिक्यांचं हमखास चुकतं ते तीन ठिकाणी. दांडी पडद्याच्या बरोबर वर नसते, केसभर मागे-पुढे राहते, आणि सगळंच बेसूर होतं. कारण इथे बोटाखाली अडवणारा पडदा नाही, फक्त रेघ आहे. दुसरं, व्हॉल्यूम पेडल भात्यासारखं हापसलं जातं. ते हळूहळू उघडायचं असतं, म्हणजे तार विझत जाते तसा आवाज सावरला जातो आणि स्वर लांबतो. तिसरी चूक सर्वांत मोठी, गायक गात असताना मध्ये मध्ये भरणं.

बेन कीथ ही तिसरी चूक करत नाहीत. अल्बमचं पहिलंच गाणं ‘आउट ऑन द वीकेंड’ ऐका. ओळ संपते, मग स्टीलचा एखादा लांब स्वर येतो, आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत बाजूला होतो. या माणसाने दहा वर्षांपूर्वी कंट्री गायिका पॅट्सी क्लाइन यांच्या ‘आय फॉल टू पीसेस’वर स्टील वाजवलं होतं, कंट्रीच्या घराण्यातलाच म्हणायचा. २०१० मध्ये गेले तोवर ते यंग यांच्याबरोबर वाजवत राहिले.

या वाद्याचं नातं आपल्याशीही आहे. तारांवर पोलाद सरकवायची कल्पना हवाई बेटांवरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हवाईयन गिटारची अमेरिकेत लाट आली, ती कंट्रीत मुरली आणि तिला पेडल फुटले. त्याच लाटेचं दुसरं टोक भारतात पोचलं. व्हॅन शिप्ले आणि एस. हजारासिंग यांच्या हिंदी चित्रपटगीतांच्या धून ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना ‘हार्वेस्ट’मधलं स्टील परकं वाटणार नाही, आणि ब्रिजभूषण काब्रा यांनी तर त्याच आडव्या गिटारवर राग मांडले.

## न वाजवण्याचं कसब

मेझर यांचा ‘क्वाड्राफोनिक’ स्टुडिओ म्हणजे एक जुनं दुमजली घर. ओसरीत नियंत्रण कक्ष, बैठकीच्या आणि जेवणाच्या खोलीत वादक. मोठ्या स्टुडिओचा घुमारा तिथे नाही, म्हणून ढोलाचा ठोका कोरडा आणि जवळचा ऐकू येतो.

केनी बट्री हे बॉब डिलन यांच्या ‘ब्लाँड ऑन ब्लाँड’ आणि ‘नॅशव्हिल स्कायलाइन’वर वाजवलेले ड्रमर, हात भरपूर चालणारे. यंग यांनी त्यांना सगळं काढून टाकायला लावलं. ड्रमवर ‘हाय-हॅट’ नावाची झांजांची जोडी असते. आपल्या ठेक्यात झांज किंवा चिपळी जशी मधल्या मात्रा भरत राहते, तसं तिचं काम. तीच नको म्हणाले. आपण उजवा हात मांडीखाली दाबून बसलो आणि एका हाताने वाजवलं, असं बट्री पुढे सांगत. मग उरतं काय? पायाचा ढोल, डाव्या हाताचा एक ठोका, आणि त्याला चिकटून ड्रमंड यांचा बेस. भरणा गेला आणि शब्दांना जागा झाली.

गिटार साधं, लाकडी. त्यालाही कारण आहे. त्या काळात यंग यांच्या पाठीच्या मणक्याचा त्रास बळावला होता, कमरेला पट्टा होता, ऑगस्ट १९७१ मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्यांचं आवडतं इलेक्ट्रिक गिटार लेस पॉल जातीचं. ही गिटारं चार किलोच्या आसपास भरतात, ती गळ्यात अडकवून तासन्‌तास उभं राहणं शक्य नव्हतं. बसून, मांडीवर घेऊन वाजवायचं तर अकूस्टिक. इलेक्ट्रिकवर आधारलेली ‘अलाबामा’ आणि ‘वर्ड्‌स’ ही गाणी शस्त्रक्रियेनंतर, त्यांच्या ब्रोकन अ‍ॅरो रँचवरच्या कोठारात झाली. अल्बमचा हळुवारपणा नुसता स्वभावातून आला असं समजू नये, त्यात दुखऱ्या पाठीचाही वाटा आहे.

‘ओल्ड मॅन’ हे गाणं त्याच रँचची देखभाल करणाऱ्या वृद्ध माणसावरून सुचलेलं. त्यात टणत्कार करणारं वाद्य आहे ते गायक जेम्स टेलर यांच्या हातातलं सहा तारांचं बँजो: अंग बँजोचं, जुळणी गिटारची. टेलर आणि गायिका लिंडा रॉनस्टॅड हे दोघेही कॅश यांच्या त्याच कार्यक्रमासाठी नॅशव्हिलला आले होते. ‘ओल्ड मॅन’ आणि ‘हार्ट ऑफ गोल्ड’मध्ये मागे त्यांचेच आवाज आहेत.

## मग लंडनचा ऑर्केस्ट्रा कशाला?

हा आक्षेप रास्त आहे. ‘अ मॅन नीड्‌स अ मेड’ आणि ‘देअर्स अ वर्ल्ड’ ही दोन गाणी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर, बार्किंगच्या नगरसभागृहात झाली. स्वरलेखन जॅक निट्शे यांचं. तिथे आकडे नाहीत, प्रत्येकापुढे पूर्ण लिहिलेला कागद, आणि हातवाऱ्याने चालवणारा संचालक. गायकाने एखादा शब्द लांबवला तर साठ-सत्तर माणसं थांबत नाहीत.

‘अ मॅन नीड्‌स अ मेड’मध्ये त्या अवाढव्यपणाचा उपयोग होतो, कारण गाणंच एकटेपणाने भेदरलेल्या माणसाचं आहे. ‘देअर्स अ वर्ल्ड’ मला अल्बममधलं सगळ्यात कच्चं गाणं वाटतं. साधी चाल, आणि तिच्यावर नगारे आणि तंतुवाद्यांचा ढीग. पण ते वगळून ऐकू नका. त्याच्या आधी ‘ओल्ड मॅन’ वाजतं, आणि ही दोन पाठोपाठ ऐकली की नॅशव्हिलच्या चार माणसांनी काय केलं ते लख्ख कळतं.

## ‘चार कॉर्डचं गाणं, त्यात काय मोठं?’

‘हार्ट ऑफ गोल्ड’ मार्च १९७२ मध्ये अमेरिकेच्या यादीत पहिलं आलं. त्याला पहिल्या जागेवरून हटवणारं, ‘अमेरिका’ या बँडचं ‘अ हॉर्स विथ नो नेम’ इतकं यंग यांच्या ढंगाचं होतं की पुष्कळांना ते त्यांचंच वाटलं. अनेक समीक्षकांनी मात्र तेव्हा या अल्बमला फार सोपा म्हणून नाक मुरडलं. सोपं आहे का, ते स्वतः वाजवून बघावं.

गिटारवर सुरुवातीचे ठोके ई मायनर, डी, ई मायनर असे आहेत. इथेच पहिली अडचण. डी वाजवताना खालच्या चारच तारा छेडायच्या, वरच्या दोन जाड तारांना लागलं की गढूळ येतं. ई मायनरला मात्र सहाही तारा. म्हणजे प्रत्येक ठोक्याला मनगटाचा झोत बदलतो. शिकणारे तो बदलत नाहीत आणि गाणं भजनी मंडळाच्या टाळांसारखं एकसुरी होतं.

माउथ ऑर्गन जी पट्टीचा हवा. बहुतेक जण सी पट्टीचा विकत आणतात आणि ‘जुळत नाही’ म्हणून ठेवून देतात. १० घरांचा साधा माउथ ऑर्गन असा असतो: फुंकलं की प्रत्येक घरात सा, ग किंवा प, ओढलं की बाकीचे स्वर (दुसऱ्या घरात मात्र ओढूनही प). पूर्ण सप्तक फक्त ४ ते ७ या घरांत मिळतं. ४ फुंकून सा, ओढून रे. ५ फुंकून ग, ओढून म. ६ फुंकून प, ओढून ध. सातव्या घरात क्रम उलटतो: आधी ओढून नी, मग फुंकून सां. हाताला फुंक-ओढीची लय लागलेली असते, म्हणून तिथेच ठेच लागते. १ ते ४ या घरांत, म्हणजे खालच्या सप्तकात, म आणि ध नाहीतच. ते शोधत बसू नये. यंग गिटार वाजवतानाच हा वाजवतात, त्यासाठी गळ्यात तारेची चौकट असते. चौकट ओठांच्या उंचीला आधीच घट्ट करून घ्यायची, नाहीतर मान पुढे काढावी लागते आणि श्वास तुटतो.

## ‘कॅनडाचा माणूस, हे खरं कंट्री कसं?’

खरं-खोटं जन्मगावावर ठरवायचं तर कंट्रीच शिल्लक राहणार नाही. बँजो आफ्रिकी, स्टील हवाईचं, फिडल आयर्लंडची. बियॉन्सेच्या अल्बमवर जिचा आवाज आहे ती लिंडा मार्टेल १९६९ मध्ये नॅशव्हिलच्या ग्रँड ओल ऑप्री या कंट्रीच्या मानाच्या रेडिओ कार्यक्रमाच्या मंचावर गाणारी पहिली कृष्णवर्णीय एकल गायिका होती. वाद तेव्हाही होता.

यंग यांचा दोष दाखवायचाच असेल तर वेगळ्या ठिकाणी आहे. ‘अलाबामा’ या गाण्यात त्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेला वर्णद्वेषावरून सुनावलं. विषय योग्य, पण सूर बाहेरून आलेल्या उपदेशकाचा. १९७४ मध्ये लिनर्ड स्किनर्ड या दक्षिणी बँडने ‘स्वीट होम अलाबामा’ गाऊन त्यांना नाव घेऊन उत्तर दिलं. पुढे आत्मकथनात यंग यांनी आपले शब्द आरोप करणारे आणि वरून बोलल्यासारखे होते, हे कबूल केलं. ज्या भागाचं स्टील, ठेका आणि वादक इतक्या आदराने घेतले, त्याच भागाशी बोलताना शब्द तेवढ्या काळजीने निवडले नाहीत.

## ऐकायचं कसं

हेडफोन लावा. इंग्रजी शब्द पहिल्यांदा सोडून दिले तरी चालतील. एकदा फक्त बेस आणि पायाचा ढोल धरा. दुसऱ्यांदा फक्त स्टील, आणि ते कधी गप्प असतं ते मोजा. कोठारातली गाणी आली की ठोक्यामागची हवा मोठी झालेली कळेल. यंग यांचे गायक-मित्र ग्रॅहॅम नॅश सांगतात की यंग यांनी त्यांना तळ्यात होडीतून नेलं, आणि मग एका बाजूला घरातून आणि दुसऱ्या बाजूला कोठारातून हाच अल्बम डावा-उजवा स्पीकर करून वाजवला गेला. मेझर किनाऱ्यावर येऊन कसं वाटतंय विचारायला लागले, तेव्हा यंग ओरडले की कोठाराचा आवाज वाढवा.

नववं गाणं ‘द नीडल अँड द डॅमेज डन’. हेरॉइनने पोखरल्या जाणाऱ्या जवळच्या माणसांवरचं हे गाणं ३० जानेवारी १९७१ रोजी लॉस एंजेलिसच्या रॉइस हॉलमध्ये श्रोत्यांसमोर ध्वनिमुद्रित झालं, फक्त गिटार आणि गळा. दोन मिनिटांच्या आसपास. यंग यांचे जुने साथीदार डॅनी व्हिटन अल्बम आल्यावर नऊ-दहा महिन्यांत, नोव्हेंबर १९७२ मध्ये, नशेनेच गेले. गाणं संपतं, टाळ्या उसळतात, आणि त्या पुरत्या विरायच्या आत शेवटचं ‘वर्ड्‌स’ त्यांच्यावर आदळतं.

‘वर्ड्‌स’ ऐकताना बोटांवर मात्रा मोजा. कडवी सरळ चारच्या हिशेबात चालतात. मधल्या वाद्यांच्या तुकड्यात मात्र सम निसटते, आणि आपलंच काही चुकलं असं वाटतं. चुकलेलं नसतं. तिथे आवर्तन ११ मात्रांचं आहे, आपल्या रुद्र तालाएवढं. तिथे ११ मोजा. आवर्तन संपता संपता बट्री बरोबर समेवर भेटतील.